वडपद्रक ते कोयली : वस्ती, पाणी आणि कागद

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ जमिनीचे कागद घेऊन आमच्याकडे आले. मूळचे रत्नागिरीकडचे. चिरंजीवांस बडोद्याच्या वायव्येस, कोयलीच्या आसपास एका कारखान्यात नोकरी लागलेली. तेथेच लहानसे घर घेऊन सर्व बिऱ्हाड कायमचे हलवावे असा त्यांचा बेत होता. आम्ही शिरस्त्याप्रमाणे तीस वर्षांचा शोध घेतला. मालकी निर्वेध होती, बोजा नव्हता, जमीन रीतसर बिनशेती झालेली होती. तसा अभिप्राय आम्ही लिहून दिला. गृहस्थ समाधानाने उठले आणि दाराशी जाऊन परत वळले. म्हणाले, "वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलंच. तिथं पाणी येतं का हो?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. तीस वर्षांत ती जमीन कोणाकोणाच्या नावे झाली हे आम्हांस तोंडपाठ होते. त्याच तीस वर्षांत तिच्यावर पाणी कितीदा चढले हे आम्ही कोणास विचारलेही नव्हते. त्या प्रश्नाने आम्हांस आणखी एक जुनी गोष्ट आठवली. विश्वामित्रीच्या काठचे एक घर आम्ही अशाच निर्वेध मालकीच्या दाखल्यावर एका कुटुंबास घेऊ दिले होते. २०१९ च्या पावसात त्या घरात छातीइतके पाणी शिरले. त्या कुटुंबाने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. घरातल्या बाई एवढेच म्हणाल्या, की सगळे भिजले, तुमच्याकडे ठेवलेले कागद तेवढे कोरडे राहिले. हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. पुढील विवेचन हे काही अंशी त्या वाक्याचे उत्तर आहे आणि काही अंशी त्याचे प्रायश्चित्त.

नव्या मुलुखात बिऱ्हाड नेताना तेथील नैसर्गिक संकटांचा विचार करणे ही आजकालची, शास्त्रज्ञांनी काढलेली टूम आहे, असा समज असेल तर तो बडोद्याच्या इतिहासाने दूर व्हावा. हे शहर आज जेथे आहे तेथे ते पूर्वी नव्हते. विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावर आज ज्यास अकोटा म्हणतात तेथे अंकोट्टक नावाचे प्राचीन नगर होते. १९५१ मध्ये तेथे जैन धातुमूर्तींचा जो संग्रह सापडला त्याची कीर्ती उमाकांत शहा यांच्या ग्रंथामुळे सर्वत्र झाली. त्याच सुमारास बडोदे विद्यापीठाचे बें. सुब्बाराव यांनी ह्या परिसरात उत्खनन करून शहराच्या वाढीचा क्रम मांडला. अंकोट्टकाची वस्ती ओसरली आणि नदीच्या पूर्वेकडील उंचवट्यावर, वडाच्या छायेतील एका खेडेगावात ती हळूहळू सरकली. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचे नदीचे मोठे पूर हे ह्या स्थलांतराचे कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या खेड्याचे नाव वडपद्रक. आजच्या वडोदरा ह्या नावाचे मूळ तेच.

ह्या वडपद्रकाचा सर्वांत प्रसिद्ध दस्तऐवज म्हणजे इ. स. ८१२ चा राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याचा ताम्रपट. राजाने हे गाव एका विद्वान ब्राह्मणास दान दिले. वकिली पेशाच्या माणसास ह्या ताम्रपटातील सर्वांत रम्य भाग म्हणजे त्यातील चतुःसीमा. पश्चिमेस अंकोट्टक, दक्षिणेस महासेनक नावाचे तळे, अशा खुणा त्यात नमूद आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या लेखकास जमिनीचे वर्णन करताना पाण्याचे स्थान सांगणे आवश्यक वाटले. आमच्या आजच्या खरेदीखतांत चतुःसीमेच्या रकान्यात शेजारच्या भूखंडाचे क्रमांक असतात आणि एका बाजूस 'सोसायटीचा रस्ता' असतो. ज्या तळ्यात भर घालून तो रस्ता झाला त्या तळ्याचे नाव कोठेही नसते.

पुढे सोळाव्या शतकाच्या प्रारंभी, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत, राजपुत्र खलीलखान याने आणखी पूर्वेस तटबंदीचे नवे शहर वसविले. मांडवीच्या भोवतालचा आणि पाणीगेट, लहरीपुरा, चांपानेर व गेंडीगेट ह्या चार दरवाजांच्या आतला जुना भाग तो हाच. म्हणजे अंकोट्टक, वडपद्रक आणि तटातले शहर, अशा तीन मुक्कामांत ही वस्ती प्रत्येक वेळी नदीपासून एक पाऊल दूर गेली. ह्यामागे लष्करी व राजकीय कारणेही होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ज्या लोकांपाशी पर्जन्यमापक नव्हता, त्यांच्या पावलांची दिशा तीनही वेळा एकच असावी, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

आमच्या कोकणी वाचकांस ह्या इतिहासात आपल्याकडील एका शहराची आठवण होईल. जुने गोवे, म्हणजे एला, एके काळी पूर्वेकडील वैभवाची नगरी होती. तिला पुराने नव्हे तर पटकी आणि हिवताप यांनी पोखरले. प्रथम व्हाइसरॉयने आपले निवासस्थान तेथून पणेलीस नेले, मग १७५९ मध्ये पणजीस नेले, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. एका शहरास आपली जागा चुकली हे मान्य करण्यास दीडशे वर्षे लागली. त्याच गोव्यात दुसरे उदाहरणही आहे. खाजनाच्या जमिनीत भरतीचे पाणी येते हे गावकऱ्यांस ठाऊक होते. म्हणून त्यांनी बांध घातले, मानशी बसविल्या आणि त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी गावकीवर ठेवली. धोका ओळखून तो सोडून जाणे हा एक मार्ग, आणि धोका ओळखून त्याच्याशी करार करणे हा दुसरा. दोहोंतही ओळखणे हे पहिले कलम आहे.

गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले आणि त्यानंतर देशावरून व कोकणातून मराठी माणूस येथे येऊ लागला. शिपाई, कारकून, भिक्षुक, पुढे शिक्षक, इंजिनिअर, वकील अशा क्रमाने ही कुटुंबे आली आणि बहुधा शहराच्या जुन्या, उंच भागात वाड्यांमधून राहिली. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळात (१८७५–१९३९) शहराने तट ओलांडला. १८८५ मध्ये आजवा येथे मोठ्या तलावाचे काम सुरू झाले आणि १८९२ मध्ये तेथील पाणी नळांनी शहरात आले. नदीकाठच्या विस्तीर्ण जमिनीवर १८७९ मध्ये कमाटीबाग झाली. हेतू केवळ शोभेचा असेल. पण परिणाम असा झाला, की विश्वामित्री फुगली की तिला पसरण्यास घरांऐवजी हिरवळ मिळे.

ह्याचा अर्थ जुन्या लोकांनी पाण्यास जिंकले होते असा नव्हे. जुलै १९२७ च्या अतिवृष्टीने बडोद्यापासून अहमदाबाद-खेड्यापर्यंतचा प्रदेश उद्ध्वस्त केला. वल्लभभाई पटेलांच्या मदतकार्याची ख्याती देशभर झाली ती ह्याच प्रसंगी. परंतु १९२७ नंतर नदीच्या दोन्ही अंगांस शहर ज्या वेगाने वाढले त्यात ती आठवण बुजून गेली. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याची रेषा मागे टाकून ३५ फुटांच्या वर गेली. कित्येक वसाहती दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर व अंगणांत आल्या. त्यानंतर २०२५ मध्ये नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. जी वस्ती शतकांपूर्वी पूर्वेस सरकली होती, तिचेच वंशज आज अंकोट्टकाच्या बाजूस परत राहावयास गेले आहेत. जागा विसरली, नदी विसरली नाही.

आता कोयलीकडे वळू. १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल लागले. ते शुद्ध करण्यासाठी सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने कोयली येथे कारखाना उभारावयाचे ठरले. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी त्याची कोनशिला बसविली आणि १९६५ मध्ये तो चालू झाला. पुढे त्याची क्षमता वर्षाकाठी १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत वाढली. जवळच खताचा व रसायनांचा उद्योग आला, बाजवा स्थानकाभोवती वर्दळ वाढली आणि शेताशेतांतून भूखंड पडले. मराठी व कोकणी बोलणारी कित्येक कुटुंबे ह्या उद्योगांच्या मागोमाग आली. त्यांनी जागा निवडली ती कारखान्याच्या भोंग्यापासूनचे अंतर मोजून. भूमीची परीक्षा करावी असा अवसर नोकरी देत नाही.

तरीही कोयलीची भूमी परीक्षेस योग्य आहे, कारण येथे 'बडोद्यास पूर येतो' ह्या सरधोपट वाक्याचा उपयोग होत नाही. विश्वामित्री पावागढाच्या बाजूने येऊन शहरातून दक्षिणेकडे वळते आणि ढाढरीस मिळते. कोयली तिच्यापासून दूर, शहर आणि मही यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. महीचा काठ उंच आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंस खोल घळी आहेत; १९७३ सारखा महापूर आला तरी त्याचा मुख्य जोर त्या खोल पात्रातून जातो. मग कोयली निर्भय काय? तेही नाही. नदीचा पूर निराळा आणि साचलेले पाणी निराळे. हा प्रदेश गाळाचा व जवळजवळ सपाट आहे. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या ओहोळांस बडोद्याकडे 'कांस' म्हणतात. कांस मोकळी असेल तर २० इंच पाऊसही दुसऱ्या दिवशी ओसरतो. ती बुजवून तिच्यावर भिंत घातली असेल तर ५ इंचांतही उंबरा बुडतो. धोका गावाच्या नावास चिकटलेला नसतो. तो दोन-चार फूट उंचीत आणि शंभर पावलांच्या अंतरात बदलतो.

पाण्यानंतर भूकंप. रत्नागिरीचे आमचे अशील कोयनेच्या भूकंपाचा भाग सोडून गुजरातेत येत होते. गुजरातचा भूकंप म्हणजे कच्छ, असे आपण धरून चालतो. १८१९ मध्ये कच्छात भूमी उचलली जाऊन अल्लाबंद नावाचा लांबच लांब बांध आपोआप उभा राहिला; १९५६ मध्ये अंजार व २६ जानेवारी २००१ रोजी भूज उद्ध्वस्त झाले. परंतु २००१ मध्ये भूजपासून सुमारे तीनशे किलोमीटरांवर असलेल्या अहमदाबादेतही अनेक मजली इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. मऊ गाळाची जमीन, आणि तळमजल्यावर मोटारींसाठी भिंतींविना नुसत्या खांबांवर उभी केलेली घरे, ही त्यामागची मोठी कारणे ठरली. शिवाय २३ मार्च १९७० रोजी खुद्द भडोचास भूकंप झाला होता, आणि भडोच बडोद्याहून फार दूर नाही. २००२ च्या भूकंप-नकाशात बडोदे तिसऱ्या विभागात होते, कच्छ पाचव्या आणि रत्नागिरी चौथ्या विभागात. म्हणजे ह्या एका बाबतीत अशिलांस काहीसा लाभच होता. पण किल्लारीचा धडा विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत तो भाग सुरक्षित समजला जात होता. तेथे जड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंतींनी झोपेतच हजारोंचा प्राण घेतला.

कारखान्याच्या शेजारी राहणाराने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या शुद्धीकरण कारखान्यात साठवणीच्या टाकीस स्फोट होऊन आग लागली व दोन माणसे दगावली. ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. तथापि मोठा भूकंप किंवा मोठे पाणी आले असता असे अपघात निसर्गाच्या हातात हात घालून येऊ शकतात. म्हणून बाहेर पडण्यास रस्ते किती आहेत व ते पावसात चालू राहतात काय, हे घर घेण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.

इतक्या संकटांची यादी वाचून कोणी म्हणेल, मग राहावे तरी कोठे? रत्नागिरीच्या किनाऱ्यास वादळ आहे. जून २०२० मध्ये 'निसर्ग' श्रीवर्धनच्या बाजूस धडकले, पुढल्याच मे महिन्यात 'तौक्ते' आले. डोंगरउतारावर दरड आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव गाडले गेले. निर्धोक भूमी पृथ्वीवर नाही. स्थलांतराने आपण संकट टाळीत नाही, एक देऊन दुसरे घेतो. प्रश्न एवढाच, की हा विनिमय डोळे उघडे ठेवून करतो की नाही.

तो तोलावा कसा? आम्हांस असे वाटते, की प्रत्येक संकटास तीन प्रश्न करावे : ते कितीदा येते, सूचना देऊन येते की न देता, आणि ते माल नेते की माणूस नेते. पूर पुष्कळदा येतो, बहुधा काही तासांची सूचना देतो आणि अधिक करून माल नेतो. भूकंप क्वचित येतो, सूचना देत नाही आणि माणूस नेतो. म्हणून पुरापासूनचा बचाव जागेच्या निवडीत आहे आणि भूकंपापासूनचा बचाव बांधणीच्या निवडीत. सखल जागेवरचे भक्कम घर बुडते, आणि उंच जागेवरचे कच्चे घर पडते.

'कितीदा' ह्या शब्दाविषयी एक मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांचा पूर म्हणजे नातवंडांनी पाहावयाचा, असे लोक समजतात. वस्तुतः त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक संभव, एवढाच आहे. घराचे कर्ज तीस वर्षांचे धरले, तर त्या अवधीत असा पूर एकदा तरी येण्याचा संभव शंभरात सुमारे २६ भरतो. आणि पंचवीस वर्षांच्या पुराचा शंभरात सुमारे ७०. ज्या जमिनीच्या मालकीवर शंभरात २६ हिश्शांची शंका आहे ती विकत घ्या, असा सल्ला कोणताही वकील देणार नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण सगळेच मौनाने तो सल्ला देतो.

ह्यात कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतील वा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे पण खरेदीदारास ठाऊक नाही, आणि जो खरेदीदारास साधारण सावधगिरीने कळण्यासारखा नाही, तो उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. पण त्या 'साधारण सावधगिरी'च्या शब्दांतच मेख आहे. जे पाणी सर्व गावाने पाहिले, ते तुम्ही विचारले असते तर कळले असते, असे विक्रेता म्हणणारच. म्हणून विचारणे हाच खरेदीदाराचा खरा कायदा. गुजरातने भूकंपानंतर, २००३ मध्ये, आपत्ती व्यवस्थापनाचा अधिनियम केला. केंद्राचा अधिनियम २००५ मध्ये आला. घरासाठी २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ह्या प्रमाणित विम्याची सोयही झाली आहे व त्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात. परंतु विमा पैसे परत देतो; ओल धरलेली भिंत, भिजलेले फोटो आणि म्हाताऱ्या माणसाने गमावलेली झोप तो परत देत नाही.

आम्ही त्या गृहस्थांस पुन्हा बोलावून घेतले आणि सांगितले, की आमचा अभिप्राय खरा आहे पण अपुरा आहे. सही करण्यापूर्वी भर पावसात एक दिवस तेथे जाऊन या. दलालास विचारू नका. दूधवाल्यास, देवळातल्या पुजाऱ्यास, शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्यास विचारा. जुन्या भिंतींवर पाण्याच्या खुणा पाहा. विजेचे मीटर किती उंचीवर बसविले आहेत ते पाहा, कारण एकदा भिजलेला माणूस मीटर वर चढवितो. कांस कोठून जाते ते विचारा, आणि इमारतीच्या नकाशावर भूकंपाचा विचार केल्याची अभियंत्याची सही आहे काय ते पाहा.

गृहस्थ आषाढात जाऊन आले. ते घर त्यांनी घेतले नाही. त्याच्या मागील कुंपणाखाली एक बुजविलेली कांस होती, असे एका शेतकऱ्याने त्यांस दाखविले. तेथून थोड्याच अंतरावर, जरा चढावर, त्याहून लहान घर त्यांनी घेतले. त्याचे कागद आम्हीच तपासले. ह्या वेळी शोधाच्या शेवटी आम्ही एक परिच्छेद अधिक लिहिला : पाणी कोणत्या बाजूने येते, कोणीकडे जाते, आणि हे कोणी सांगितले. असा परिच्छेद कोणत्याही नमुन्यात नाही. आमच्या कारकुनाने तो पाहून विचारले, हे कोणत्या सदराखाली लिहू? आम्ही सांगितले, चतुःसीमेत लिहा. बाराशे वर्षांपूर्वी तो तेथेच होता.